मा. सीजी साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान गुरुत्वमध्य ऊर्फ सीजी साहेब यांस,
मुक्काम : पंखाच्या आसपास (नक्की जागा दर उड्डाणाला बदलते)

विषय : घरी बसून विमान उडवणाऱ्यांवर आपण केलेल्या उपकारांबाबत

परमादरणीय महोदय,

सा. न. वि. वि.

आपल्यासारख्या थोरांना पत्र लिहिण्याचे धाडस करतो आहे, राग नसावा. विमानाचे सगळे वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानतात, तो बिंदू म्हणजे साक्षात आपण. नाक वर जाणार की खाली, विमान वैमानिकाचे ऐकणार की नाही, हे सारे आपण कुठे बसला आहात त्यावर ठरते. आणि इतका अधिकार असूनही छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये आपल्या नावाचा एक काटा नाही, दिवा नाही, भोंगा नाही. तेलाचा दाब पडला तर काटा उतरतो. अल्टरनेटर गेला तर व्होल्टेजचा इशारा पेटतो. आपण मर्यादेबाहेर जाऊन बसलात तरी साध्या सेसनातले सारे काटे हिरव्या पट्ट्यात निवांत असतात. प्रसिद्धीपासून इतके दूर राहणारे व्यक्तिमत्त्व आजकाल दुर्मीळ.

आम्ही कोण, हेही सांगतो. दिवसभराची नोकरी उरकून रात्री जेवणानंतर संगणकापुढे बसून लोहगाव ते गोवा, नाहीतर जुहूवरून समुद्राकडे विमान नेणारी आम्ही साधी माणसे. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर १९८२ पासून आहे, ‘एक्स-प्लेन’ आहे, फुकट मिळणारे ‘फ्लाइटगिअर’ही आहे. पगारातून पैसे बाजूला ठेवून कुणी योक घेतो, कुणी पेडल. कुणाला लहानपणी वैमानिक व्हायचे होते, कुणी पुढे बारामतीला किंवा गोंदियाला जाऊन खरे परवाने मिळवणार आहे. या सगळ्यांवर आपली सारखीच कृपादृष्टी असते.

पहिले आभार जॉयस्टिकबद्दल. आपण मागे सरकून बसलात की विमान हाताला हलके लागते, नाक सारखे वर जाऊ पाहते, ट्रिमचे चाक पुढे ढकलत नेले तरी समाधान होत नाही. ऑटोपायलट बिचारा वर-खाली, वर-खाली करत उंची शोधत राहतो आणि शेवटी हात वर करतो. मग आमचे लोक काय करतात? जॉयस्टिक पुन्हा कॅलिब्रेट करतात. डेड झोन वाढवतात. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात. तरीही नाक वरच, म्हणून अख्खा सिम्युलेटर उडवून रात्रभर डाउनलोड लावतात. सकाळी पुन्हा तेच विमान, मागच्या सीटवर तीच दोन जड माणसे, सामानाच्या कप्प्यात तेवढ्याच बॅगा, आणि आपण होतात तिथेच. आपल्या या सहनशीलतेला दंडवत.

दुसरे आभार आपल्या विनयाबद्दल. ‘एक्स-प्लेन’मध्ये बिघाडांची भलीमोठी यादी आहे. इंजिन, व्हॅक्यूम पंप, पिटो नळी, फ्लॅप, जे हवे ते ठरावीक वेळी, ठरावीक वेगाला किंवा ठरावीक उंचीवर बिघडवता येते. ही मंडळी निदान रीतसर बिघडतात. व्हॅक्यूम पंप गेला की कृत्रिम क्षितिज हळूहळू कलंडू लागते. पिटो नळी तुंबली की वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. प्रत्येकाची खूण ठरलेली, प्रत्येकाची चेकलिस्ट छापलेली. आपण मात्र त्या गर्दीत येत नाही. ‘वजन आणि समतोल’ अशा सोज्वळ नावाच्या वेगळ्या पानावर, एका स्लाइडरमागे आपण बसलेले असता. आणि आकाशात काही बिनसले की आमची नजर बिघाडांच्या यादीकडे जाते, त्या पानाकडे जात नाही.

आता थोडे हिशेबाचे बोलू. आपल्या कार्याची ओळख त्याशिवाय पुरी होत नाही.

सेसना १७२एस घ्या. उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन २,५५० पौंड. आपली जागा मोजायची ती इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीपासून, म्हणजे फायरवॉलपासून मागे, इंचांत. मागची मर्यादा ४७.३ इंच. समजा रिकामे विमान १,६५० पौंडांचे आणि त्याचा गुरुत्वमध्य ३९ इंचांवर. पुढच्या सीटवर एकटा वैमानिक, १७० पौंड, ३७ इंचांवर. मागच्या सीटवर दोन धिप्पाड मित्र मिळून ४०० पौंड, ७३ इंचांवर. सामान १२० पौंड, ९५ इंचांवर. इंधन १०० पौंड, ४८ इंचांवर. एकूण वजन २,४४० पौंड, म्हणजे मर्यादेच्या ११० पौंड आत. वजनाची बेरीज पाहून माणूस खूश होतो आणि इंजिन सुरू करतो.

पण प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणा, सगळ्यांची बेरीज करा आणि एकूण वजनाने भागा. उत्तर येते सुमारे ४७.६ इंच. आपण मर्यादेच्या बाहेर पाय पसरून बसला आहात आणि वजनाच्या आकड्यात त्याचा मागमूस नाही. किती हा मुत्सद्दीपणा!

आता मागच्या दोघांपैकी एकाला फक्त पुढे बसवा. वजन तेच, इंधन तेच, बॅगा त्याच. उत्तर येते ४४.६ इंच. एका माणसाने जागा बदलली आणि आपण तीन इंच पुढे येऊन सभ्य गृहस्थासारखे बसलात. या तीन इंचांचे मोल ज्याला कळले, त्याचे अर्धे शिक्षण तिथेच झाले. बैलगाडी भरणारा शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो : ओझे मागे गेले की गाडी उलाळते, पुढे आले की सगळा भार बैलांच्या मानेवर. आपण तीच गोष्ट पाच हजार फुटांवर समजावून सांगता, आणि तिथे उतरून ओझे सरकवायची सोय ठेवत नाही.

आपण पुढे सरकता तेव्हाची माया तर निराळीच. पुढे दोन जड माणसे, मागे सगळे रिकामे. विमान अगदी स्थिर उडते, म्हणून नवशिक्याला वाटते की सारे उत्तम. मग एखाद्या दिवशी सरावासाठी बिघाड लावला जातो आणि इंजिन बंद पडते. मुलगा शिकल्याप्रमाणे वागतो : ६८ नॉटचा ग्लाइडचा वेग धरतो, उतरायला शेत निवडतो, फ्युएल सिलेक्टर ‘बोथ’वर, मिक्श्चर पुढे, पंप चालू, इग्निशन तपासून. इंजिन येत नाही, हरकत नाही, शेत समोर आहे. जमिनीजवळ येऊन तो योक मागे ओढतो, शेवटपर्यंत ओढतो, आणि नाक हवे तेवढे उचलत नाही. पंख्याचा जो वारा एरवी शेपटीवर येऊन एलेव्हेटरला बळ देतो, तो इंजिनाबरोबर थांबलेला असतो. पुढचे चाक आधी आपटते. मुलगा म्हणतो, इंजिनाच्या बिघाडाने घात केला. आपण शांत. दुसऱ्याच्या नावावर आपले काम खपवणे किती सहज जमते आपल्याला!

आपण लालूचही फार गोड दाखवता, हे कबूल केले पाहिजे. आपण जरासे मागे बसलात की शेपटीला खाली दाबण्याचे काम कमी पडते आणि विमान तेवढ्याच इंधनात थोडे पुढे जाते. मर्यादेच्या आत राहून याचा फायदा मोठी विमाने नेहमी घेतात. कॉन्कॉर्ड तर ध्वनीपेक्षा वेगाने जाताना सुमारे २० टन इंधन मागच्या टाकीत पाठवून आपल्याला मुद्दाम मागे नेत असे, आणि वेग कमी करताना पुन्हा पुढे आणत असे. तिथे आपल्यावर नजर ठेवायला एक फ्लाइट इंजिनीअर बसलेला असे. आमच्या घरी नजर ठेवायला कुणी नाही, हे आपण अचूक हेरले आहे.

आणि आपण एका जागी थांबत नाही, हा आणखी एक मोठेपणा. बीचक्राफ्ट बोनान्झात इंधन जळत जाते तसतसे आपण मागे मागे सरकता. निघताना आपण मर्यादेत असता, म्हणून लोडशीट बिनचूक दिसते. दोन तासांनी उतरताना आपण मर्यादेबाहेर. निघतानाचा हिशेब करणारे पुष्कळ भेटतात, उतरतानाचा करणारे थोडे. त्या थोड्यांवर आपली मर्जी नाही, असे ऐकतो.

आपले थोरले बंधू श्री. वजनराव यांनाही नमस्कार सांगावा. मे महिन्यात लोहगावला पारा चाळीसवर गेला की सुमारे १,९०० फुटांवरची ती धावपट्टी विमानाला ५,४०० फुटांवर असल्यासारखी वाटते, कारण तापलेली हवा विरळ होते. सिम्युलेटरमध्ये ऊन आणि हवा खरी लावून, चारही सीट भरून, टाक्या काठोकाठ करून निघालेला माणूस मग विचारतो, इंजिनात ताकद का नाही? इंजिन तपासतो, मिक्श्चर तपासतो, ग्राफिक्स कार्डसुद्धा तपासतो. बंधूंना कुणी विचारत नाही.

मोठी विमाने उडवणाऱ्यांवर तर आपली खास मेहेरनजर. उड्डाणाचा आराखडा सिमब्रीफमध्ये तयार करायचा, त्यात प्रवासी किती आणि माल किती हे छापून येते. विमानात प्रत्यक्ष भरलेला भार मात्र दुसराच. कॉकपिटमधल्या संगणकाला तिसराच आकडा दिलेला. मग तो संगणक त्या आकड्यावरून उड्डाणाचे वेग काढतो, ट्रिमही चुकीच्या जागेसाठी लावली जाते, आणि ठरलेल्या वेगाला योक ओढला तरी विमान जमीन सोडत नाही. तक्रार होते ती विमान बनवणाऱ्या कंपनीकडे.

२० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून निघालेल्या एमिरेट्सच्या एअरबस ए३४०-५०० मध्ये नेमके हेच झाले. विमानाचे वजन ३६२.९ टन, हिशेबात गेले २६२.९ टन. एका अंकाचा फरक. वेग आणि इंजिनाची ताकद शंभर टन हलक्या विमानाची काढली गेली. विमानाची शेपूट धावपट्टीवर घासली आणि धावपट्टी संपल्यावर ते कसेबसे वर आले. सगळे सुखरूप परतले, ते कॅप्टनने ऐनवेळी इंजिनांची पूर्ण ताकद लावली म्हणून.

त्याआधी २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाचे बोइंग ७६७ निघाले. हवे होते २२,३०० किलो इंधन, हिशेब झाला पौंडांत. म्हणजे निम्म्याहून कमी इंधनावर विमान ४१,००० फुटांवर गेले, दोन्ही इंजिने थांबली, आणि कॅप्टन रॉबर्ट पियर्सन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटाल यांनी ते गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर ग्लायडरसारखे उतरवले. सगळे वाचले. इंजिनात कसलाही दोष नव्हता. बिघाड जमिनीवर, कागदावर, एका एककात झाला होता. आमच्या पडद्यावरही किलो, पौंड आणि गॅलन शेजारी शेजारी बसलेले असतात.

साहेब, इथपर्यंत आपले गुणगान झाले. पुढचे दोन परिच्छेद मी आदरार्थी शब्दांच्या आड लपवणार नाही.

८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या शार्लट इथे एअर मिडवेस्टचे बीच १९००डी उडताच नाक वर करून उभे राहिले आणि कोसळले. २१ माणसे गेली. देखभालीत एलेव्हेटरची तार चुकीची जुळवली गेली होती, त्यामुळे नाक खाली आणण्याची ताकद अपुरी होती. त्या अवस्थेत विमानाने आधी फेऱ्या केल्या होत्या आणि ते पडले नव्हते. त्या दिवशी विमान ठासून भरलेले होते. सरासरी वजनांच्या हिशेबाने ते कागदावर मर्यादेत होते, प्रत्यक्षात मर्यादेपेक्षा जड होते आणि गुरुत्वमध्य मागे गेला होता. मागे गेलेला तोल आणि अर्धवट एलेव्हेटर एकत्र आले. त्यानंतर अमेरिकेत प्रवाशांची सरासरी वजने वाढवून धरली जाऊ लागली.

२९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बगरामहून नॅशनल एअरलाइन्सचे मालवाहू ७४७ निघाले. पोटात सैन्याची जड चिलखती वाहने होती, पुरेशी बांधलेली नव्हती. उड्डाण होताच किमान एक वाहन मागे सरकले, मागची भिंत फोडून गेले, हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीचे स्थिरक हलवणारा स्क्रू त्याने निकामी केला. विमानातले सातही जण गेले. तिथे भार हाच बिघाड झाला. वैमानिकांच्या हाती करण्यासारखे काही उरले नव्हते.

म्हणून मला आपल्याबद्दल, आणि आपल्याला पान उलटून ओलांडणाऱ्या सवयीबद्दल, इतका राग आहे. आमच्या घरातल्या विमानात कुणी मरत नाही. तिथे चुकणे फुकट असते, आणि शिकायचे ते तिथेच शिकता येते. ती संधी जॉयस्टिकला शिव्या देण्यात घालवणे मला सहन होत नाही. या छंदातल्या एखाद्या मुलीने उद्या खऱ्या सेसनात बसून मागच्या सीटवरच्या मित्राला ‘तू पुढे ये’ म्हणावे, आणि का म्हणावे ते तिला ठाऊक असावे, एवढी माझी इच्छा आहे.

तेव्हा महोदय, यापुढे आपला पाहुणचार वेगळ्या रीतीने होईल. विमान विचित्र वागू लागले की आम्ही आधी सिम्युलेटर थांबवू. ट्रिम कुठे आहे ते लिहून ठेवू. मग आपले पान उघडू, आपल्याला मर्यादेच्या मधोमध आणून बसवू, बाकी कशालाही हात न लावता पुन्हा उडवून पाहू. दोष गेला तर आरोपी आपण. दोष राहिला तर दोन्ही पंखांतले इंधन पाहू, कारण विमान एका बाजूला कलत असेल तर अनेकदा एक टाकी दुसरीपेक्षा जड झालेली असते. तेही ठीक असेल, तर मग बिघाडांची यादी, आणि सर्वांत शेवटी जॉयस्टिक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि त्या गोंधळातच आपले फावते.

आणि वाचकहो, हे पत्र साहेबांच्या नावे असले तरी तुम्ही ते वाचता आहात हे मला ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला सांगतो. आज रात्री उडण्याआधी माणसे, सामान आणि इंधन यांचे खरे आकडे भरा. निघतानाचा गुरुत्वमध्य काढा, उतरतानाचाही काढा. एकक किलो आहे की पौंड ते दोनदा पाहा. कॉकपिटमधल्या संगणकाला दिलेला आकडा आणि विमानात भरलेला भार जुळतो का ते तपासा. मग मुद्दाम एक बिघाड लावा, आणि तोच बिघाड एकदा पुढे जड आणि एकदा मागे जड विमानात अनुभवा. दोन्ही वेळा तुमचे हात वेगळे वागतील. हवेतले बिघाड ओळखायला ही सवय फार उपयोगी पडते. नवा जॉयस्टिक नंतर घ्या.

कळावे, लोभ अजिबात नसावा.

आपल्या जागेवर यापुढे रोज पाळत ठेवणारा,
एक घरगुती वैमानिक